मदत हवी आहे: घरीच व्हील अलाइनमेंट करायला काय घ्यावं, काय घरीच बनवावं?

राम राम मंडळी. मी सावद्याकडचा. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेलं सस्पेन्शन), मागे बीम ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर), १३ इंची रिम. केळीच्या ट्रकांनी बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडचं काय करून ठेवलंय ते इकडच्यांना सांगायला नको. पुढच्या टायरवर आडवा हात फिरवला की एकीकडून गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीचे दाते लागतात, म्हणजे टो (वरून बघितलं तर चाक पुढून आत किंवा बाहेर किती वळलंय ते) गेलाय हे नक्की. मशीनवर करून आणलं, कागदावर सगळं हिरवं, पण स्टेअरिंग तिरपं ते तिरपंच, आणि परत तेवढ्यासाठी अख्खा दिवस मोडायला शेतीच्या कामात जमत नाही.

पाने, जॅक, जॅक स्टँड घरी आहेत. अडलंय ते असं की ऑनलाइन टो प्लेट (चाकाला टेकवून टो मोजायच्या पट्ट्या) मिळतात त्या घ्याव्या, का फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी कापून आणावी, का दोरीवरच करावं, म्हणजे गाडीच्या पुढे-मागे आडवा पीव्हीसी पाईप (शेतात तुकडे पडलेच आहेत) आणि दोन्ही अंगाला गवंड्याची दोरी ताणायची? पण पुढच्या आणि मागच्या हबपासून दोरीचं अंतर सारखं येतच नाही, मग समांतर कशी धरायची? मॅग्नेटवाला डिजिटल अँगल गेज पण बघून ठेवलाय. खळ्यात कोबा आहे पण थोडा उतार आहे.

तापीकाठ:
भो, खरेदी नंतर. आधी चाक उचलून ९ आणि ३ वाजता धरून हलव. टाय रॉड एंडमध्ये (स्टेअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा) प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर सोन्याची अवजारं आणली तरी सेटिंग टिकणार नाही. १२ आणि ६ ला हललं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट बघ.

प्लेटवर फक्त दोन्ही चाकांचा मिळून टो कळतो. तुझं स्टेअरिंग तिरपं आहे म्हणजे एकेक चाक वेगळं मोजायला पाहिजे, त्याला दोरीच. पुढचा-मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकातलं अंतर) वेगळा असतो म्हणून अंतर सारखं येत नाही, येऊ पण नये. डाव्या-उजव्या पुढच्या हबला सारखं, डाव्या-उजव्या मागच्या हबला सारखं, आणि दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे एकच, एवढं जुळलं की झालं. पाईपवर खाचा सारख्या अंतरावर पाड, अर्धं काम तिथंच होतं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोज. रिम साडेतीनशे मिमी धरली तर १ मिमी फरक म्हणजे कोनाची साधारण १० मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं), म्हणून टेप नको.

गॅरेजचा_नाद:
वरच्या भाऊंशी सहमत. गेजवर पैसे घालू नका दादा, असल्या स्ट्रटला कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक वरून किती कललंय ते) बहुतेक ॲडजस्टच होत नाही. डावी-उजवीत मोठा फरक आहे का एवढंच बघायचं तर मोबाईल चालतो, फरक निघालाच तर काहीतरी वाकलंय.

उतारासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी आणा, खाली फरशीचे तुकडे सरकवून चारी चाकं एका पातळीत घ्या. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत टाइल, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून खोटं माप येत नाही, फक्त हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि हे सकाळी गार असताना करा, आपल्याकडे मे महिन्यात एका बाजूचे टायर उन्हात तापले की त्या बाजूची हवा वाढलेली दाखवते. टाय रॉडचा चेक नट (सेटिंग आवळून धरणारा नट) सोडायच्या आधी स्टेअरिंग रॅकच्या रबरी बुटाची बाहेरची क्लिप ढिली करा, नाहीतर रॉड फिरवला की बूट पिळून फाटतो. याला मेकॅनिक पण विसरतात.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. म्हणजे प्लेट आणि गेज दोन्ही कॅन्सल, स्टीलची पट्टी आणि लेव्हल नळी तेवढी आणतो. एक राहिलं, चेक नट गंजून बसलाय, रात्रभर डिझेलमध्ये भिजवून ठेवला तर सुटेल का गॅसवर गरमच करावा लागेल? बाजूलाच रबर आहे म्हणून भीती वाटून राह्यली.

तापीकाठ:
गरम नको करू. वायर ब्रशने आट्या साफ कर, डिझेल लावत राहा दोन-तीन वेळा, आणि रॉडला दुसरा पाना लावून धरूनच नट फिरव.