स्की शिकायला कुठे जावं: गुलमर्ग, औली की सोलंग?

वेळणेश्वरकर
आम्ही चौघं: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि दीर. बर्फात कुणीच कधी गेलेलं नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आठ दिवस जमतायत. नुसते फोटो काढून यायचं नाही, स्की शिकायचंय. काश्मिरातलं गुलमर्ग, उत्तराखंडातलं औली की मनालीजवळचं सोलंग? कपडे विकत घ्यावेत की तिकडे भाड्याने मिळतात? इकडे थंडी म्हणजे पहाटे चादर अंगावर ओढायची, त्यामुळे अंदाजच येत नाही. आणि निघायचं रत्नागिरीहून ट्रेनने की गोव्यातल्या मोपाहून विमानाने?

कुडाळकर
ताई, शिकायचंच असेल तर गुलमर्ग. गाव २,६५० मीटरवर, त्यामुळे पडलेला बर्फ टिकतो, आणि नवशिक्यांचे मंद उतार हॉटेलांपासून चालत जाण्याइतके जवळ.

जमलं तर तारखा फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढकला. काश्मिरातली कडाक्याची चाळीस दिवसांची थंडी, 'चिल्ले कलान', २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपते; तोवर बर्फाचा थर बहुधा चांगला बसलेला असतो. खात्री मात्र कुठल्याच वर्षाची नाही. जानेवारी २०२४मध्ये महिना संपत आला तरी गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. म्हणून पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

पहिली रात्र श्रीनगरला (साधारण १,६०० मीटर) काढा. समुद्रसपाटीवरून एका दिवसात थेट गुलमर्ग गाठलं की डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं हे प्रकार होतात. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. वर पोचल्यावर पहिला दिवस धावपळ नको, पाणी भरपूर प्या. डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर वाट बघत बसू नका, पायथ्याच्या तनमर्ग गावी खाली या.

गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या केबल कारचे, दोन टप्पे आहेत. पहिला कोंगदोरीपर्यंत, सुमारे ३,०५० मीटर. दुसरा अफरवटवर, ३,९५०च्या आसपास. दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत उतरायचा विचारही या खेपेस नको. तिथला बराचसा उतार मशीनने दाबलेला नसतो आणि हिमस्खलनं होतात; २०२३ आणि २०२४, दोन्ही फेब्रुवारींत तिथे परदेशी स्कीअर दगावलेत. बघायला मात्र जरूर जा. तिकिटं आधी ऑनलाइन काढा. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, म्हणून तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

शिकवणारा पूर्ण दिवसासाठी ठरवा, शक्य तर चार दिवस तोच. रोज नवा माणूस आला की रोज पहिला धडा होतो. क्रम साधारण असा: एका पायात स्की घालून सपाटीवर चालणं, पडल्यावर उठणं, आडव्या पावलांनी चढणं, मग दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि मागच्या बाजू फाकवून वेग कमी करणं. हे शेवटचं नीट बसल्याशिवाय लिफ्टने वर जाऊ नका. नवशिका घाबरला की अंग मागे टाकतो. मग स्कीच्या पुढच्या भागावर वजन राहत नाही, वळता येत नाही आणि वेग वाढतच जातो. नडगी बुटाच्या जिभेवर सतत दाबलेली हवी.

अलिबागकर
कपड्यांबद्दल. आपल्याकडचा पावसाळी रेनकोट तिकडे नेऊ नका. प्लास्टिकचा असल्याने घाम आतच राहतो, आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. सुती बनियन आणि जीन्सचंही तसंच: ओली झाली की वाळत नाही.

अंगालगत लोकरी किंवा पॉलिस्टर थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट-पँट. थर्मल, मोजे, गॉगल विकत घ्या. जॅकेट-पँट, स्की, बूट, हेल्मेट भाड्याने घ्या. एका खेपेसाठी विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. हातमोजे जलरोधकच हवेत, लोकरीचे दोन पडण्यांत भिजतात. हवा उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला तर उघड्या कातडीला उणे २० इतकं गार लागतं.

उन्हाला कमी लेखू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, म्हणून नाकाखाली आणि हनुवटीखालीसुद्धा भाजतं. एसपीएफ ५० दर दोन तासांनी लावा. खोबरेलावर भिस्त नको: ते ऊन अडवत नाही, आणि २४ अंशांखाली बाटलीत थिजतं.

वेळणेश्वरकर
दादा, दोघांचेही आभार. स्कीचे बूट पाय फार आवळतात म्हणे. एक नंबर मोठे घेतले तर?

दापोलीकर
अजिबात नको. मोठ्या बुटात टाच उचलते, पाय वळला तरी स्की वळत नाही, आणि नखं पुढे आपटून काळी पडतात. भाड्याने देणारे घाईत मोठाच नंबर पुढे करतात, कारण घालायला सोपा.

घरीच टाच भिंतीला लावून पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. या बुटांचा नंबर तोच असतो: २५ सेंटीमीटरचं पाऊल, २५चा बूट. दुकानात आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटीमीटर जागा उरली की माप बरोबर. मग अस्तर चाचपून बघा, कालचं ओलं असेल तर दुसरा जोड मागा.

मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन घातले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतो. थर्मलचं टोकही बुटात जाऊ देऊ नका, त्याची घडी नडगीला रुतते. घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, आधी घोट्यावरची बकलं लावा, गुडघे वाकवून पुढे झुका, मग पावलावरची हलकीच. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर सुटावीत.

बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचा) आकडा दुकानदाराला तुमच्यासमोर लावायला सांगा: वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि 'नवशिका' हे विचारूनच. आकडा जास्त असला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो. कमी असला तर चालू उतारावर आपोआप निघते. मुलीचा आकडा वेगळा येईल. आदल्या गिऱ्हाइकाचाच तसाच ठेवलेला चालणार नाही.

देवरुखकर
औली वाईट नाही. उतार लांब आणि सुंदर, गढवाल मंडल विकास निगमचे ठराविक दिवसांचे स्की कोर्सही असतात. पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, घाटातला अख्खा दिवस, जाताना आणि येताना. आठातले दोन तिथेच गेले. शिवाय २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचल्यानंतर जोशीमठ-औली रोपवे बंद पडला, वर गाडीने जावं लागतं. सोलंगला मनालीची गर्दी उतारावरच येते. तिथे जायचं तर मनालीच्या पर्वतारोहण संस्थेच्या कोर्सला नाव घालूनच.

कुडाळकर
प्रवासाचं राहिलं होतं. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीहून निजामुद्दीनला नेते, पण पुढे श्रीनगर धरून आठ दिवसांत जाऊन-येऊन फार वेळ खाते. मोपा-दिल्ली-श्रीनगर विमानच बरं. दिल्लीहून सकाळचं पहिलं विमान घेऊ नका, धुक्यात तेच अडकतं. परतीच्या आदल्या संध्याकाळीच गुलमर्गहून श्रीनगरला उतरा. बर्फ पडला की तनमर्गच्या वर चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. विमान रद्द झालं तर हाताशी एक मोकळा दिवस असू द्या. आणि घरातला एक तरी मोबाइल पोस्टपेड हवा, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही.