सल्ला हवा: मराठी माध्यमाच्या हायस्कूलसाठी मॉडेल रॉकेटचे किट कोणत्या कंपनीचे घ्यावे?

खानापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आमच्या विज्ञान मंडळातील नववीच्या मुलांनी यंदा मॉडेल रॉकेट बांधण्याचा आग्रह धरला असून माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी थोडा निधीही जमवला आहे. एस्टेस, क्वेस्ट, अपोजी, क्लिमा अशी अनेक नावे वाचनात आली. त्यांपैकी कोणाचे किट मुलांना खरोखर काही शिकवते, आणि इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या मुलांना ते जमेल का, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारी दारू भरलेली नळी, भारतात मिळण्याबाबतही कृपया स्पष्ट लिहावे.

टिळकवाडीकर

सर, माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिले किट एस्टेसचे ‘अल्फा’ घ्यावे. ‘अल्फा थ्री’ नव्हे, साधे ‘अल्फा’. अल्फा थ्रीमध्ये तिन्ही फिन (शेपटाकडचे पंख) प्लास्टिकच्या एकाच भागात ओतलेल्या येतात, त्यामुळे तो भाग नळीला बसवला की रॉकेट जवळजवळ तयार होते आणि मुलांच्या हाताला फारसे काम उरत नाही. साध्या अल्फात बाल्सा लाकडाच्या फिन सुट्या येतात. त्या पॉलिश पेपरने घासायच्या, पुढची कड गोल आणि मागची निमुळती करायची, नळीवर 120 अंशांच्या अंतराने रेषा आखायच्या आणि एकेक फिन सरळ उभी राहीपर्यंत धरून चिकटवायची, एवढे सारे मुलांनाच करावे लागते. फिन वाकडी बसली तर रॉकेट का गिरक्या घेते, हे ज्याने ती स्वतः चिकटवली आहे त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

इंग्रजीची चिंता करू नये. एस्टेसच्या सूचनापत्रात प्रत्येक पायरीला क्रमांक आणि रेखाचित्र असते; किती अंतरावर खूण करायची, मोटरचा हुक कोणत्या बाजूने घालायचा, हे चित्रावरूनच कळते. ही पत्रके कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, म्हणून किट येण्याआधीच ती उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक चित्राखाली मराठीत एकेक ओळ लिहून फलकावर लावावीत. शाळांसाठी 12 किटांचा एकत्रित संचही मिळतो.

या कंपनीवरच्या माझ्या विश्वासाला आणखी एक कारण आहे. व्हर्न एस्टेस यांनी 1958 मध्ये कोलोरॅडोत काम सुरू केले, तेव्हा त्यांचा खरा पराक्रम रॉकेटचा नव्हता, मोटर बनवणाऱ्या यंत्राचा होता. त्या यंत्राला ‘मेबल’ म्हणत. मोटर यंत्राने एकसारख्या बनू लागल्या, कोणालाही घरी दारू ठासण्याची गरज उरली नाही, आणि म्हणूनच हा छंद मुलांच्या हाती देण्याजोगा झाला. मोटरवर छापलेली खूण वर्गात अवश्य शिकवावी. ‘ए8-3’ यातील ‘ए’ म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) 1.26 ते 2.50 न्यूटन-सेकंद, 8 म्हणजे सरासरी जोर 8 न्यूटन, आणि 3 म्हणजे जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते. नववीच्या गतीच्या नियमांना याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरे किट घ्यायचे झाल्यास त्याच कंपनीचे ‘बिग बर्था’ घ्यावे. सुमारे 61 सेंटिमीटर लांब आणि 41.6 मिलिमीटर जाड असलेले हे रॉकेट सावकाश उठते, फार उंच जात नाही, आणि मैदान लहान असले तरी परत सापडते.

इतरांबद्दल थोडक्यात लिहितो. अपोजीचे टिम व्हॅन मिलिगन यांचे ‘पीक ऑफ फ्लाइट’ हे पत्रक शिक्षकाने वाचावे असे आहे. किट मात्र दुसऱ्या टप्प्यावर घ्यावीत. सेमरॉक जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती करते, ती हौशी लोकांची आवड. एलओसीच्या जाड नळ्या आणि प्लायवूडच्या फिन मोठ्या रॉकेटांसाठी उत्तम आहेत, शाळेसाठी नाहीत. जर्मनीची क्लिमा कंपनी किट आणि मोटर दोन्ही बनवते आणि 18 मिलिमीटर व्यासातच ‘डी’ वर्गापर्यंतच्या मोटर देते.

निपाणीची वाचक

टिळकवाडीकर काकांच्या शिफारशीशी मी सहमत आहे, परंतु सरांचा शेवटचा प्रश्न बाजूला राहिला. आपल्याकडे किट मिळवणे सोपे आहे. अडचण मोटरची आहे. या मोटरमध्ये स्फोटक द्रव्य असते, त्यामुळे 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम यांचा प्रश्न येतो, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. टपालाने स्फोटके पाठवता येत नाहीत. म्हणून परदेशातून किटसोबत मोटरही मागवू असा विचार सरांनी कृपया करू नये. दिवाळीच्या बाणातील दारू काढून मोटर बनवण्याचा प्रस्ताव एखाद्या उत्साही पालकाकडून आला, तर तो तिथल्या तिथे नाकारावा. यात बोटे आणि डोळे जातात.

माझा सल्ला असा की बंगळूरच्या ‘रॉकेटिअर्स’ या कंपनीशी आधी बोलावे. ते मॉडेल रॉकेटची किट देतात आणि विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतात. मोटर कोण आणणार, तिचा परवाना कोणाच्या नावे आहे आणि उड्डाणाच्या वेळी कोण हजर राहणार, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहून त्यासोबत मुख्याध्यापकांचे पत्र जोडावे, म्हणजे काम अडत नाही.

ते जमेपर्यंत पाण्याच्या रॉकेटवर मुलांचे वर्ष वाया जाणार नाही, हे मी खात्रीने सांगते. शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्यावी; साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी भरावे, सायकलच्या पंपाने हवा 60 पौंडांच्या वर नेऊ नये, आणि खटका लांब दोरीनेच ओढावा. पाणी कमी-जास्त करून उंची कशी बदलते याचा तक्ता मुलांनीच करावा. बाटलीला लावलेल्या फिन, नोज कोनमधील (टोकावरच्या शंकूतील) वजन आणि पॅराशूटची घडी यांचे सगळे धडे पुढे अल्फाला जसेच्या तसे उपयोगी पडतात.

उद्यमबागवाला

बांधणीबद्दल थोडे लिहितो, कारण चांगल्या कंपनीचे किटही घाईत बिघडते. नळीवर सरळ रेषा काढण्यासाठी ती लोखंडी अँगलच्या खाचेत आडवी ठेवावी आणि अँगलच्या कडेला पेन्सिल टेकवून ओढावी. उद्यमबागेत कोणत्याही वर्कशॉपमध्ये असा हातभर तुकडा भंगारात मिळतो. पुठ्ठा आणि बाल्सा यांना पांढरा फेव्हिकॉलच योग्य: आधी एक पातळ थर लावून वाळू द्यावा, मग दुसरा लावून फिन बसवावी, आणि शेवटी फिनच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बोटाने फेव्हिकॉलची गोलसर कड द्यावी. फिन स्वतः कापणार असाल तर बाल्साच्या रेषा पुढच्या कडेला समांतर ठेवाव्यात, नाहीतर जमिनीवर टेकताना ती मोडते.

तुमच्या खानापूर भागात जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की पुठ्ठ्याची नळी मऊ पडते आणि बाल्सा फुगतो. किट पत्र्याच्या डब्यात ठेवावीत, फिनना सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा लेप) मारावा आणि बांधणी शक्यतो दसऱ्यानंतरच काढावी.

खानापूरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी पाण्याचे रॉकेट आणि बंगळूरला पत्रव्यवहार, आणि दसऱ्यानंतर अल्फाच्या संचाची बांधणी, असे ठरवत आहे. उरलेला प्रश्न मैदानाचा आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीचा. भातकापणीनंतर शाळेमागची शेते मोकळी होतात. तेथे चालेल का?

टिळकवाडीकर

शेत चालेल, पण कापणीनंतरचे बुडखे आणि गवत वाळलेले असते, हे ध्यानात ठेवावे. उड्डाणाच्या जागेभोवतीचे गवत खरवडून काढावे, रॉकेट ज्यावरून सुटते त्या दांड्याखाली ज्वाला अडवणारा पत्रा ठेवावा, आणि पाण्याच्या बादल्या व ओली पोती हाताशी असू द्यावीत. जंगलाच्या कडेला उड्डाण करूच नये. ‘डी’पर्यंतच्या मोटरला सर्वांनी किमान 5 मीटर दूर राहावे हा छंदातील मान्य नियम आहे; वर्गभर मुले असतील तर मी त्याच्या दुप्पट ठेवीन. दांडा उभ्या रेषेपासून 30 अंशांहून अधिक कललेला नसावा. माळावर दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळची वेळ धरावी. सांबरा विमानतळाचा परिसर आणि लष्करी हद्द यांपासून तुम्ही दूर आहातच, तरी अर्जात जागेचा नकाशा जोडावा.

तपासणीसाठी दोन गोष्टी कराव्यात. गुरुत्वमध्य (रॉकेट तोलून राहते तो बिंदू) हा दाबमध्याच्या (हवेचा जोर जेथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, म्हणजे नोज कोनच्या बाजूला, किमान एका नळीच्या व्यासाइतका असावा; अल्फाची नळी 24.8 मिलिमीटरची, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर. ‘ओपनरॉकेट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर टाकल्यास मापे भरून दोन्ही बिंदू पडद्यावर दिसतात. दुसरी तपासणी हाताची आहे. मोटरच्या जागी तेवढ्याच वजनाचा तुकडा बसवून रॉकेट ज्या बिंदूवर तोलून राहते तेथे दोरी बांधावी, आणि मोकळ्या जागेत ते डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर रॉकेट स्थिर आहे. आडवे किंवा उलटे फिरले तर नोज कोनमध्ये थोडी माती भरून पुन्हा फिरवावे, आणि नाक पुढे राहीपर्यंत ते दांड्यावर चढवू नये.