बी.ए., बी.कॉम. झालेल्यांसाठी कन्सल्टिंगचे दार बंद आहे का?

तापीकाठ (अमळनेर)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक समजूत सतत आढळते, ती अशी की कन्सल्टिंग, म्हणजे कंपन्यांना व्यवसायाविषयी सल्ला देण्याचे काम, हे इंजिनिअरांचे क्षेत्र असून आपण तेथे अर्जसुद्धा करू नये. ही समजूत चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

1926 साली शिकागोत मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी सुरू करणारे जेम्स मॅकिन्झी हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि तिला आजचे रूप देणारे मार्विन बोवर कायदा शिकलेले होते. नव्याने लागलेल्या विश्लेषकाचे काम पाहिले तर त्यात माहिती गोळा करणे, ती एक्सेलमध्ये तपासणे, ग्राहक कंपनीतील लोकांच्या मुलाखती घेणे आणि निष्कर्ष थोडक्या स्लाइडमध्ये मांडणे हेच मुख्यतः असते. यांपैकी कशालाही यंत्रशास्त्र लागत नाही. अडचण वेगळी आहे. या कंपन्या आयआयटी, आयआयएम आणि दिल्लीतील मोजक्या महाविद्यालयांत जाऊन मुले निवडतात. अमळनेर, शहादा किंवा चोपड्याला कोणी येत नाही. म्हणजे आपली मुले मागे पडतात ती विषयामुळे नव्हे, तर महाविद्यालयाच्या पत्त्यामुळे.

तसे असेल तर वाटही वेगळी हवी. ऑनलाइन प्रमाणपत्रांची चळत रचण्यापेक्षा आपल्या भागातील एका व्यवसायाचा नीट अभ्यास करून तो कागदावर आणावा. रावेरच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने केळीची मृगबाग (जून-जुलैची लागवड) आणि कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड) यांचा खर्च, कापणीच्या वेळचा भाव, वाहतूक, पिकवण केंद्र, नासाडी आणि मुंबईतील किरकोळ दर अशी साखळी मांडून शेतकरी व ग्राहक यांच्यामधला पैसा कोठे जातो हे दहा पानांत दाखवले, तर ती सल्लागाराचेच काम करत असते. शेतकरी उत्पादक कंपन्यांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्था, कृषी व्यवसायातील सल्लागार कंपन्या आणि शासकीय प्रकल्पांवर काम करणारे गट यांना अशी माणसे लागतात. तरुणांना शासनासोबत काम करण्याची संधी देणाऱ्या राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपलाही कोणत्याही शाखेची पदवी चालते, मात्र गुणांची अट आणि एका वर्षाचा अनुभव लागतो.

ज्या अमळनेरात 1945 साली वनस्पती तेलाच्या कारखान्यातून विप्रोची सुरुवात झाली, तेथील मुलांनी कन्सल्टिंगला परका प्रांत मानावे हे मला पटत नाही.

मूळचा यावलचा (पुणे)

आपली तळमळ पोहोचली, पण चित्र फार उजळ रंगवले आहे. विप्रोची मुळे अमळनेरात असली तरी तिची भरती अमळनेरात होत नाही. संस्थापकांचेच दाखले घ्यायचे तर बीसीजी या दुसऱ्या मोठ्या सल्लागार कंपनीचे ब्रूस हेंडरसन इंजिनिअर होते. शंभर वर्षांपूर्वी कोण काय शिकले होते यावरून आजची भरती समजत नाही.

मी या क्षेत्रात नोकरी करतो. अर्ज इतके येतात की पहिली चाळणी महाविद्यालय, गुण आणि पदवी यांवरच लागते, आणि त्या टप्प्यावर केळीचा अहवाल कितीही उत्तम असला तरी तो कोणी उघडत नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांतील नवख्यांच्या बऱ्याच जागा आता सॅप (कंपनीचा कारभार सांभाळणारी संगणक प्रणाली) बसवणे, डेटा आणि सायबर सुरक्षा अशा कामांच्या आहेत. तेथे बी.ए.च्या मुलाला एसक्यूएल, म्हणजे संगणकातील साठवलेली माहिती काढण्याची भाषासुद्धा येत नसेल तर त्याला कोण घेईल? जो चाळणीतून पुढे जातो त्याच्यासमोर केस मुलाखत असते. त्यात समोरच्या माणसाच्या देखत, कॅल्क्युलेटरशिवाय, एखाद्या बाजारपेठेचा अंदाज बांधावा लागतो. अकरावीत कला शाखा घेतल्यावर आपल्याकडील बहुतेक मुलांचा गणिताशी संबंध तुटतो. अशा मुलांना ‘विषयाची अडचण नाही’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या उमेदीची दोन वर्षे पणाला लावणे आहे.

तापीकाठ

गणिताचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो. जळगाव शहरात वर्षाला दुचाकीचे किती टायर विकले जातात? 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार होती. एका कुटुंबात साधारण साडेचार माणसे धरली तर कुटुंबे 1 लाखाच्या आसपास येतात. दर कुटुंबामागे एक दुचाकी आणि टायरचे आयुष्य चार वर्षे मानले, तर वर्षाला सुमारे 50 हजार टायर लागतात. यात भागाकार आणि गुणाकार यांपलीकडे काहीही नाही. कठीण आहे ते प्रत्येक गृहीतक उघडपणे सांगणे आणि विचारल्यावर त्याचे समर्थन करणे. त्यातही जो मुलगा ‘भोवतालच्या तालुक्यांतील शेतकरी बाजाराला जळगावात येतात आणि टायरही येथूनच नेतात, त्यामुळे आकडा वाढवावा लागेल’ असे सुचवतो, त्याचे उत्तर मुलाखत घेणाऱ्याला अधिक आवडेल असे मला वाटते.

एक्सेल आणि एसक्यूएल शिकावेच, त्याबद्दल वाद नाही. पण ती काही महिन्यांत शिकण्याची कौशल्ये आहेत. त्यांच्यासाठी चार वर्षांची पदवी लागत नाही. पहिल्या चाळणीबद्दल आपण लिहिले ते खरेच आहे, आणि म्हणूनच मी त्या रांगेत उभे राहायला सांगत नाही. छोट्या सल्लागार संस्थांकडे भागीदाराला थेट पत्र पाठवून सोबत आपला अभ्यास जोडावा, असे माझे म्हणणे आहे.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

माझा आक्षेप आपण दोघांनी न स्पर्शलेल्या बाजूचा आहे. 2018 साली नंदुरबार केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यांत शासकीय प्रकल्पांवर काम करणारी तरुण मुले मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या नेमणुका बहुधा कंत्राटी असतात, काही वेळा त्रयस्थ मनुष्यबळ संस्थेमार्फत होतात, आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. दिवसभर तालुक्यांकडून आकडे मागवून तक्ते भरायचे, हे काम ‘सल्लागार’ या पदनामाखाली तीन वर्षे केलेल्या मुलीला पुढे मोठी कंपनी विश्लेषक म्हणून घेतेच असे नाही. तापीकाठ दादा, शासकीय प्रकल्पांचे जे बाजूचे दार आपण सुचवता, त्यातून आत गेल्यावर मुख्य दालनात जाता येते का, याचे उत्तर आपल्या लेखनात नाही.

त्यापेक्षा आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेची वाट सरळ आहे. पदवी कोणतीही असो, 50 टक्के गुण पुरतात, राखीव प्रवर्गांतील काहींना 45. आणि कित्येक आयआयएम इंजिनिअर नसलेल्यांना शाखेच्या वैविध्यासाठी काही गुण देतात. जुन्या आयआयएमची फी 20 लाखांच्या वर आहे हे मला माहीत आहे. परंतु नामांकित संस्थांसाठी काही बँका तारणाशिवाय कर्ज देतात, हे आपल्याकडील पालकांना कोणी सांगत नाही. शेतीवर आधीच कर्ज असलेल्या घरात तो आकडा ऐकूनच विषय मिटतो, आणि मुलीच्या बाबतीत तर फारच लवकर मिटतो.

शिक्षक, शिरपूर

घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि मुलाखतीत एकदम इंग्रजी, हा टप्पा कोणीच का विचारात घेत नाही? माझे विद्यार्थी हिशेबात कमी नसतात. इंग्रजीत चाललेल्या चर्चेत मध्येच बोलण्याचे धाडस त्यांना होत नाही. बी.ए.च्या तीन वर्षांत दर आठवड्याला एका बातमीचा सारांश इंग्रजीत लिहून वर्गासमोर तोंडी मांडायला लावले, तर त्याचा उपयोग कॅटलाही होईल आणि नोकरीलाही.

तापीकाठ

ताई, कंत्राटी कामाचे आपण केलेले वर्णन मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. नेमणूक स्वीकारण्याआधीच उमेदवाराने विचारावे की आकड्यांवरून निष्कर्ष कोण काढणार, अहवाल कोण लिहिणार आणि तो अधिकाऱ्यांसमोर कोण मांडणार. तिन्हींचे उत्तर ‘दुसरे कोणी’ असे असेल, तर ती नोकरी घेऊ नये. त्यांपैकी एखादे काम वाट्याला येत असेल, तर दोन वर्षांत दाखवण्याजोगा अनुभव तयार होतो, आणि त्यानंतर कॅट दिली तरी तो अनुभव मुलाखतीत उपयोगी पडतो. कॅट ही चांगलीच वाट आहे, पण ती सर्वांना परवडणारी नाही.

मूळचा यावलचा (पुणे)

हे तीन प्रश्न मला पटले, पण बाविसाव्या वर्षी, घरी पैशांची गरज असताना, हातात आलेले नेमणूकपत्र परत करण्याची मोकळीक आपल्या किती मुलांना असते? म्हणून माझा आग्रह कायम आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून एक्सेल, एसक्यूएल आणि दहावीपर्यंतचे गणित पक्के करावे, पुण्यात किंवा नाशिकला कोणत्याही कंपनीत हिशेब अथवा माहिती विश्लेषणाची कायम नोकरी धरावी आणि कन्सल्टिंगसाठीचे अर्ज तेथून करावेत. केळीचा अभ्यास त्या नोकरीच्या बरोबरीनेही करता येतो.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

पुण्यात खोलीभाडे भरून नोकरी शोधायची तर पहिल्या काही महिन्यांचा खर्च घरूनच आणावा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी जिल्ह्यातील कंत्राटी काम आणि रात्री कॅटचा अभ्यास एवढेच उरते. तापीकाठ दादांचे तीन प्रश्न मी येथील मुलींना नक्की देईन. त्या कामातून पुढे कंपनीत गेलेले कोणी आपल्या माहितीत असेल, तर नाव न सांगता त्यांचा मार्ग येथे लिहावा.