मुलाला सायकलच्या रोड रेसिंगमध्येच प्रो व्हायचंय, आत्ता बाहेर पाठवू की बारावीपर्यंत थांबू?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, रेसिंग जवळून बघितलेल्यांनी प्लीज उत्तर द्या.

मुलगा अकरावी सायन्सला आहे, यंदा सतराचा होईल म्हणजे ज्युनिअर गटाचं पहिलं वर्ष. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली ना, यूसीआयची (जागतिक सायकलिंग संघटनेची) 2.2 दर्जाची, म्हणजे अनेक दिवसांची, 437 किलोमीटरची, ती बघायला कॉलेज बुडवून रस्त्याकडेला उभा होता आणि तेव्हापासून घरात हा एकच विषय. हौस नाहीये ही. पहाटे साडेचारला स्वतः उठतो, सिंहगड गोळेवाडी नाक्यापासून 34 मिनिटांत चढतो, वजन 58 किलो, मित्राच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) वीस मिनिटांची टेस्ट केली तर सरासरी 255 वॅट आले, म्हणजे किलोला साधारण 4.4. वर्ल्ड टूरचे, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचे, घाट चढणारे रायडर वीस मिनिटं सहाच्या आसपास धरतात हेही त्यानेच मला सांगितलं, काही लपवत नाही. तर सतराव्या वर्षी या आकड्यावरून नक्की काय समजायचं?

ह्यांचं म्हणणं बारावी होऊ दे, मग बघू. स्लोव्हेनियाच्या सायकलपटू रोगलिचचं उदाहरण देतात, आधी स्की जंपर होता, 2013 ला तेविसाव्या वर्षी पहिल्या कॉन्टिनेंटल टीममध्ये (प्रोच्या खालची पायरी) आला आणि पुढे व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची मोठी रेस, चारदा जिंकला. पण मला वाटतं तो लहानपणापासून वर्ल्ड लेव्हलचा खेळाडूच होता, स्की जंपिंगचं ज्युनिअर वर्ल्ड टायटल (टीमचं) होतं त्याच्याकडे, आपण त्याच्यावर हिशोब मांडणं बरोबर नाही.

मुलगा म्हणतो गिरमायकडे बघ. एरिट्रियाचा, अस्मारातला पोरगा, अठराव्या वर्षी स्वित्झर्लंडला एगलच्या यूसीआय सेंटरमध्ये गेला, विसाव्या वर्षी प्रो, 2022 ला बेल्जियमची गेंट-वेव्हेलगेम रेस आणि 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये तीन स्टेज आणि पॉइंट्सची हिरवी जर्सी. खरंय, मलाही ते ऐकून भरून येतं. पण अस्मारात इटालियन लोकांच्या काळापासून रेसिंग रुजलंय, गावच 2300 मीटरवर, गल्लीत पोरं रेस लावतात, आपल्याकडे तसं कुठंय? दिल्लीची अकादमी आहे पण तिथला भर व्हेलोड्रोमवर (सायकलच्या गोल ट्रॅकवर), 2019 ला आपल्या पोरांनी ज्युनिअर टीम स्प्रिंटचं वर्ल्ड गोल्ड आणलं ते ट्रॅकवरच. माझा मुलगा सडपातळ, घाटाचा रायडर, तो स्प्रिंटर नाही.

पैशाचं पण बघावं लागतं. वर्ल्ड टीम आणि प्रो टीम या वरच्या दोन पायऱ्यांवर किमान पगार ठरलेला असतो, खाली कॉन्टिनेंटलला यूसीआयने तसं काही बांधून दिलेलं नाही, म्हणजे चार-पाच वर्षं घरूनच खर्च करायची तयारी हवी. ती आम्ही करू, सेकंडहँड कार्बन फ्रेम घेतानाच हे बोलणं झालंय. त्यालाही बाटल्या वाहायची, कॅप्टनसाठी पुढे राहून वारा खायची तयारी आहे, तो म्हणतो आई जिंकणारा एकच असतो, बाकीचे पण प्रोच असतात.

आता खरी अडचण. एक जण बेल्जियमला तीन महिने नेतो म्हणतोय, गावोगावच्या केर्मेस रेस आणि कुठल्यातरी टीमची ट्रायल, नऊ लाख. टीमचं नाव विचारलं की "तिकडे गेल्यावर ठरेल". मला हे पटत नाहीये, पण माझ्या शंकेपायी पोराची ज्युनिअरची ही दोन वर्षं वाया गेली तर तेही मला सहन होणार नाही.

कोणी आपल्या मुलाला तिकडे स्वतःच्या जोरावर पाठवलंय का? सायकलिंग फेडरेशनचं लायसन्स, परदेशात रेस करायची परवानगी, राहायची सोय हे कुठल्या क्रमाने केलंत? की आधी इथल्या नॅशनल्समध्ये ज्युनिअरला काही करून दाखवणंच योग्य? आणि पुण्यात व्हीओटू मॅक्सची (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याची) नीट टेस्ट कुठे होते तेही सांगा, निदान तेवढी याच आठवड्यात करून घेते. त्या माणसाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.