खेउम्नो: सनद आणि भिंतीवरची काठी
उत्तर पोलंडमधल्या खेउम्नो या गावाला 1233 ची सनद पोलिश राजाने दिली, असं कधीकधी सांगितलं जातं; ते चूक आहे. ती दिली ट्यूटॉनिक ऑर्डरने, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने; संघाचा प्रमुख हेर्मान फॉन झाल्झा आणि त्याचा तिथला अधिकारी हेर्मान बाल्क यांनी, तीही शेजारचं तोरुन्य आणि खेउम्नो दोन्ही गावांना मिळून. मूळ दस्त जळाला म्हणून 1251 मध्ये ती नव्याने काढली. दोन तारखांचा घोळ होतो तो इथेच. शिवाय गाव आधी आजच्या स्तारोग्रुदपाशी होतं, नंतर हलवलं. म्हणून आजच्या चौकात 1233 चे अवशेष शोधू नयेत.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथल्या टाउन हॉलच्या मागच्या भिंतीवरची लोखंडी काठी, सुमारे 4.35 मीटर लांब. हे मोजणीचं प्रमाण. अशा 300 चौरस काठ्यांचा एक मोर्ग, म्हणजे साधारण 0.57 हेक्टर, आणि 30 मोर्गांचा एक वान. मोजणाऱ्याची काठी एका टक्क्याने आखूड निघाली, तर क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी घटतं. एका वानात 0.6 मोर्ग जमीन गेली! जमिनीचा सारा वानावर ठरत असल्याने भांडण अटळ. म्हणूनच प्रमाण काठी कुलपात नको, चारचौघांत हवी.

पोलंड आणि ट्यूटॉनिक ऑर्डर यांच्यातल्या 1466 च्या तहाने गाव पोलंडकडे आलं, 1772 ला प्रशियाकडे गेलं, 1920 ला परत आलं. तटबंदी मात्र जवळपास अखंड उभी आहे, दोन किलोमीटरहून जास्त.