मदत हवी आहे: मल्टिमीटरवर सेल भरलेले दिसतात, तरी व्हेपवर ‘वीक बॅटरी’ आणि ‘इम्बॅलन्स्ड बॅटरी’ असे संदेश येतात

नमस्कार.

मी ब्रिटनमध्ये लीड्स येथे राहतो. बरीच वर्षे सिगारेट ओढल्यानंतर येथील धूम्रपानमुक्ती सेवेच्या सल्ल्याने मी व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो आणि सिगारेट सुटली. ज्या उपकरणाच्या आधाराने ती सुटली तेच आता ऐन थंडीत बॅटरीचे वेगवेगळे दोष दाखवू लागले आहे, आणि ते बंद पडले तर पाय पुन्हा सिगारेटच्या दुकानाकडे वळतील अशी मला खरोखर भीती वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी असल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मात्र यातले १८६५० मापाचे लिथियम-आयन सेल टॉर्च, पॉवर बँक आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतही असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या कोणाचेही मत मला उपयोगी पडेल.

उपकरणात असे दोन सेल बसतात आणि त्यांची जोडणी एकसर आहे. सेल काढण्या-घालण्यासाठी तळाला बिजागरीचे झाकण आहे आणि त्या झाकणाच्या आतली धातूची पट्टी दोन्ही सेलना एकमेकांशी जोडते. पडद्यावर दोन्ही सेलचे व्होल्टेज वेगवेगळे दिसते, ही सोय या प्रकरणात महत्त्वाची ठरावी. सेल मी नेहमी बाहेरच्या चार्जरमध्येच भरतो, यूएसबीच्या केबलने नाही. दोन्ही सेल एकाच वेळी विकत घेतलेले असून ते कायम जोडीनेच वापरले आणि जोडीनेच भरले आहेत.

पूर्ण भरल्यावर मल्टिमीटरवर एक सेल ४.१८ आणि दुसरा ४.१७ व्होल्ट दाखवतो. निम्मे वापरून बाहेर काढले तरी ३.८२ आणि ३.८०, म्हणजे फरक नगण्य आहे. परंतु ७५ वॉटवर बटण दाबताच पडद्यावरचा दुसऱ्या खणाचा आकडा ३.८ वरून झपाट्याने ३.३ पर्यंत खाली येतो, तेथे क्षणभर थरथरतो, मग ‘इम्बॅलन्स्ड बॅटरी’ अशी अक्षरे येऊन वाफ बंद होते. आणि बटण सोडले की तोच आकडा हळूहळू मूळ जागी परततो. पहिल्या खणाचा आकडा त्या वेळी ३.६ च्या खाली जात नाही. सकाळी बसथांब्यावर, तापमान शून्याच्या आसपास असताना, बहुतेक वेळा ‘वीक बॅटरी’ असाही संदेश येतो. घरात ४० वॉटवर मात्र सहसा काहीच तक्रार नसते.

येथील एका दुकानदाराचे म्हणणे असे की ०.२ ओहमची कॉइल (द्रव तापवून त्याची वाफ करणारी तार) बॅटरीवर फार ताण आणते, त्यामुळे जास्त ओहमची कॉइल घ्यावी, किंवा सरळ नवे उपकरण घ्यावे. एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर येथे १ जून २०२५ पासून बंदी आली आहे, आणि बंदी नसती तरी मला त्या नको आहेत. दर थोड्या दिवसांनी एक धडधाकट लिथियम सेल कचऱ्यात टाकणे मनाला पटत नाही. त्यामुळे हे उपकरण दुरुस्त होण्यासारखे असेल तर ते दुरुस्तच करावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा मुख्य प्रश्न असा की सेल थकले आहेत, झाकणाचा संपर्क बिघडला आहे की आतले सर्किट चुकीचे मोजत आहे, हे उपकरण न उघडता निश्चितपणे कसे ठरवावे? चार्जर एका सेलचा अंतर्गत रोध ३८ आणि दुसऱ्याचा ६१ मिलिओहम दाखवतो, पण सेल काढून पुन्हा बसवला की हे आकडे बदलतात, म्हणून त्यांवर किती विश्वास ठेवावा ते कळत नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: त्यांपैकी एका सेलच्या वेष्टणाला वरच्या कडेला बारीकशी चीर गेली आहे. तिचा या संदेशांशी काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सर्व त्याच्यानंतर. तो चीर गेलेला सेल कृपया आत्ताच बाजूला काढा आणि नवे वेष्टण चढवल्याशिवाय उपकरणात किंवा चार्जरमध्ये घालू नका. १८६५० सेलचे पोलादी नळकांडे तळापासून वरच्या खांद्यापर्यंत सगळे ऋण असते. धन असते ती केवळ वरची टिकली, आणि या दोहोंच्या मध्ये अगदी अरुंद विद्युतरोधक कडे असते. वरच्या कडेला वेष्टण फाटले की धन बाजूचा कॉन्टॅक्ट किंवा खणातील धातूचा एखादा भाग नळकांड्याला टेकून सेल थेट शॉर्ट होऊ शकतो, आणि अशा वेळी संदेश बिंदेश काही येत नाही, सेल तापतो, त्यातून वायू सुटतो आणि आगही लागू शकते. आकसणारी पीव्हीसी वेष्टणे आणि कागदी कडी स्वस्तात मिळतात. वेष्टण चढवताना सेलला आच लागणार नाही एवढेच जपायचे. हेअर ड्रायर पुरतो, मेणबत्ती किंवा लायटर मुळीच नको. मात्र आपण वर्णन केलेल्या संदेशांचा चिरेशी संबंध असण्याची शक्यता मला कमी वाटते.

आता मूळ दोष. सेल नुसता पडून असताना मल्टिमीटर जे दाखवतो त्यावरून तो किती भरला आहे ते कळते, तो किती सशक्त आहे ते कळत नाही. मल्टिमीटर सेलमधून जवळजवळ काहीच धारा घेत नाही, म्हणून थकलेला सेलही ४.१७ दाखवू शकतो. ७५ वॉटचे गणित करून पाहा. अशा उपकरणातले सर्किट साधारण ९० टक्के कार्यक्षम धरले, तर सेलकडून सुमारे ८३ वॉट खेचले जातात. दोन सेलचे मिळून ७.४ व्होल्ट असताना ही धारा ११ ॲम्पिअरच्या थोडी वर जाते. एवढ्या धारेच्या वाटेत कुठेही ३० मिलिओहमचा जादा रोध आला, तर तेथे जवळपास एक तृतीयांश व्होल्ट गळतो. तो रोध सेलच्या पोटात आहे की झाकणाच्या पट्टीवर, हे सर्किटला ओळखता येत नाही. त्याला दिसते ते इतकेच, की दुसऱ्या खणातले व्होल्टेज पडले. ४० वॉटवर धारा सुमारे ६ ॲम्पिअर असल्याने तीच गळती निम्म्यावर येते, आणि म्हणूनच घरी आपल्याला त्रास जाणवत नाही.

याच कारणाने कॉइलबद्दलचा सल्ला मला पटत नाही. आपले उपकरण वॉट स्थिर ठेवणारे आहे. ०.२ ओहमच्या कॉइलमधून ७५ वॉटवर १९ ॲम्पिअरहून अधिक धारा जाते हे खरे. पण ती धारा सर्किटच्या पलीकडची आहे. सेलवरचा भार निवडलेल्या वॉटवर ठरतो. ज्या साध्या यंत्रांत सर्किट नसते आणि सेल थेट कॉइलला जोडलेला असतो, तेथे तो सल्ला पूर्णपणे लागू पडतो, आणि बहुधा तेथूनच तो इकडे आला असावा.

निदानासाठी उपकरण उघडण्याची गरज नाही. दोन्ही सेलवर मार्करने क आणि ख अशी खूण करा. चिरेवर वेष्टण चढेपर्यंत दुसरी, एकसारखी जोडी असेल तर चाचणी तिच्यावर करा. दोन्ही सेल पूर्ण भरून, खोलीच्या तापमानाला, ७५ वॉटवर बटण दाबून दोन्ही खणांचे आकडे लिहून घ्या. मग सेलची अदलाबदल करून, म्हणजे प्रत्येकाची धन-ऋण दिशा त्या त्या खणातील खुणेप्रमाणे ठेवून, तीच चाचणी पुन्हा करा. घसरण सेलबरोबर पहिल्या खणात गेली तर सेल थकलेला आहे; घसरण दुसऱ्याच खणात राहिली तर दोष खणाचा, म्हणजे संपर्काचा किंवा मापनाचा. शेवटी झाकण अंगठ्याने घट्ट दाबून धरून बटण दाबा. दाबल्यावर आकडा सुधारला तर आतल्या सर्किटवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

साफसफाई करताना दोन्ही सेल बाहेर काढा आणि कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी व स्प्रिंगा पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, कारण कॉन्टॅक्टवर बहुधा पातळ मुलामा असतो आणि तो खरवडला गेला की काळवंडणे उलट वाढते. चार्जरवरच्या मिलिओहमच्या आकड्यांबद्दल आपली शंका रास्त आहे. चार्जरच्या स्वतःच्या स्प्रिंगांचा रोधही त्यात मिसळतो. तरी त्याच चार्जरच्या त्याच खणात आलटून पालटून मोजल्यावर एक सेल सातत्याने दीडपट दाखवत असेल, तर त्या फरकाला अर्थ आहे.

थंडीत लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे बसथांब्यावरचा ‘वीक बॅटरी’ हा संदेश अगदी स्वाभाविक आहे. उपकरण बॅगेऐवजी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून पाहा. सुटा सेल मात्र कधीही नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नका, त्याला प्लास्टिकची डबीच हवी. आणि बाहेरून आल्याबरोबर गारठलेले सेल लगेच चार्जरमध्ये घालू नका. शून्याखाली गेलेला सेल भरताना आत धातुरूप लिथियम साचते आणि सेलचे कायमचे नुकसान होते.

धागाकर्त्याचे उत्तर

इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चीर गेलेल्या सेलला नवे वेष्टण आणि कडे बसवले आणि मगच चाचण्या केल्या.

अदलाबदल केल्यावर घसरण दुसऱ्या खणातच राहिली. क सेल तेथे ठेवला तरी आकडा ३.४ च्या खाली गेला, ख ठेवला तर आणखी थोडा खाली. झाकण अंगठ्याने दाबून धरल्यावर मात्र तोच आकडा ३.६ वर स्थिरावला आणि संदेश आला नाही. झाकण पूर्ण मागे वळवून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा दुसऱ्या खणाच्या बाजूला पट्टीवर डाळीएवढा काळपट डाग दिसला आणि त्याभोवती तपकिरी, चिकट थर होता. टाकीतून झिरपलेले द्रव सेलच्या कडेने खाली उतरून तेथे वाळले असावे. काडी दोनदा बदलावी लागली इतका तो थर जाड होता. पुसल्यानंतर ७५ वॉटवर दोन्ही खणांतला फरक ०.१ व्होल्टच्या आसपास आला आहे आणि घरात ‘इम्बॅलन्स्ड बॅटरी’ हा संदेश पुन्हा आलेला नाही.

थंडीतला ‘वीक बॅटरी’ अजून येतो, जरी पूर्वीपेक्षा बराच उशिरा, म्हणजे सेल निम्म्याहून अधिक उतरल्यावर. ख सेल त्याच चार्जरच्या त्याच खणात प्रत्येक वेळी क पेक्षा बराच जास्त रोध दाखवतो, त्यामुळे त्या एकट्याला न बदलता पूर्ण जोडीच निवृत्त करीत आहे. नवी जोडी घेताना सलग २० ॲम्पिअरची क्षमता आणि २५०० ते ३००० मिलिॲम्पिअर-अवर एवढेच पाहणार आहे. वेष्टणावर ९९०० छापलेले सेल ऑनलाइन दिसतात, पण या मापाच्या सेलमध्ये तेवढी साठवण शक्य नाही हे आता पक्के लक्षात आले आहे. जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते सुपरमार्केटमधल्या बॅटरीच्या पेटीत टाकीन.

एक प्रश्न मात्र अजून उरतो. झाकण बंद केल्यावर बिजागरीत थोडासा खुळखुळाट जाणवतो आणि दुसऱ्या बाजूची स्प्रिंग पहिल्यापेक्षा किंचित बसलेली दिसते. सेल बाहेर काढून, प्लास्टिकच्या चिमट्याने ती स्प्रिंग हलकेच वर उचलणे पुरेसे होईल, की झाकणच बदलावे लागेल? असे झाकण सुटे मागवून कोणी स्वतः बसवले असल्यास, बिजागरीची पिन काढताना झाकणापर्यंत येणारी बारीक तार तुटू नये म्हणून काय काळजी घ्यावी, तेवढे कृपया सांगावे.