मदत हवी आहे: टेबलातले काही खाने रंगतात, काही पांढरेच! अर्जंट

भिजलेला_कावळा:
पावसाचं टेबल रंगवायचंय. कोड तीनदा तपासला, बरोबर आहे. तरी ७० मिमीचा खाना पिवळा होतो आणि १३१ चा पांढराच! उद्या सकाळी द्यायचंय.

जुना_खोडरबर:
कोड कोणत्या भाषेत लिहिताय? पायथन, आर? की ओळखायचं आम्ही?

एक्सेलप्रेमी:
एक्सेलला कंडिशनल फॉरमॅटिंग आहे की. दोन मिनिटांचं काम, कोड कशाला?

भिजलेला_कावळा:
वेबपेजवर टाकायचंय, लोक आपापलं गाव शोधणार. एक्सेल नको. आर, त्यात वेबपेजसाठी शायनी आणि टेबल दाखवायला डीटी पॅकेज. खाने रंगवायला फॉरमॅटस्टाईलमध्ये स्टाईलइंटरव्हल, म्हणजे सीमा द्यायच्या आणि प्रत्येक टप्प्याला एक रंग.

मधुमालती:
सीमांपेक्षा रंग एक जास्त लागतो. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

भिजलेला_कावळा:
सीमा ३ (६४.४, ११५.५, २०४.४), रंग ४. चुकलं असतं तर एरर आली असती ना!

पेठेतला_जावई:
अतिवृष्टी ६५ मिमीपासून धरतात. तुमची सीमाच चुकीची.

मधुमालती:
ते पंचनाम्याचं, महसूलवाल्यांचं. हवामान खात्याचा जोरदार पाऊस ६४.५ पासून. आणि त्याचा पांढऱ्या खान्याशी काय संबंध?

पेठेतला_जावई:
संबंध नाही, पण माहिती असावी.

जुना_खोडरबर:
कावळेबुवा, फिल्टर टॉपला, म्हणजे कॉलमांच्या डोक्यावर, लावून बघा. पावसाच्या कॉलमवर स्लायडर येतो की नुसती लिहायची चौकट?

भिजलेला_कावळा:
चौकट. का?

जुना_खोडरबर:
म्हणजे कॉलम मजकूर आहे, आकडे नाहीत. डेटा कोणी भरला?

भिजलेला_कावळा:
गावोगावच्या लोकांनी, गूगल शीटमध्ये. काहींनी मोबाईलवरून.

जुना_खोडरबर:
मग झालं! मराठी कीबोर्डवरून भरलेले अंक देवनागरी आहेत. स्टाईलइंटरव्हलचं शेवटी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट होतं. त्यातल्या मजकुरातून आकडा काढणाऱ्या पार्सफ्लोटला देवनागरी १३१ म्हणजे आकडाच वाटत नाही, म्हणून तो खाना रंग न लावता सोडून देतो. तुझा ७० इंग्रजी अंकांत असणार. आधी सीएचएआरटीआर फंक्शनने दहाही देवनागरी अंक इंग्रजीत बदल, मग ॲज-न्यूमेरिकने मजकुराचे आकडे कर.

एक्सेलप्रेमी:
एक्सेलमध्ये हे झालंच नसतं.

मधुमालती:
मजकूर तिथेही मजकूरच राहतो हो.

भिजलेला_कावळा:
रंगलं!! स्लायडरपण आला. दीड दिवस सीमा बदलत बसलो होतो. आता पाच-सहा खानेच रिकामे राहिलेत, तिथे मुळात 'निरंक' लिहिलंय. ० धरू?

जुना_खोडरबर:
पाऊस निरंक की माहिती निरंक? भरणाऱ्याला फोन कर.